बंदर नसलेल्या गावात

पतसंस्थेच्या कॅलेंडरला यंदा विषय ठरला : बंदरे.
"रत्नागिरीचा खर्च मिळणार न्हाई," चेअरमन इंगवले म्हणाले,
"गावातच कुठं घावतंय का बघा की."
मीही बरं म्हणालो.
चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय, जरा हसा;
एकदा आपणही हसून बघावं.

तर जानेवारी. रंकाळा.
पायडलची बोट, राजहंसाच्या आकाराची.
मान मोडली होती तिची (कशी, ते ऑगस्टात सांगतो),
दिलावर मुल्लाणीनं ती पोत्यात घालून
बापट कॅम्पात नेली, गणपती करणाऱ्याकडं.
त्यानं मान जोडली,
आणि हाताच्या सवयीनं डोळेही रेखले.
तेव्हापासून हंस असा बघतो, अर्धवट मिटून, सगळं माफ केल्यासारखा,
की आत बसणारी जोडपी
आधी चपला काढतात
आणि मग अंतर ठेवून पायडल मारतात.

फेब्रुवारीला संध्यामठ.
अंघोळीला उतरला आणि काठावरचे कपडे कुणी पळवले,
तसा कमरेएवढ्या पाण्यात उभा, बाहेर येईना.
प्रेसवाल्यानं फोटो उलटा लावला होता.
समितीत कुणाच्या लक्षात आलं नाही,
फक्त एक संचालक म्हणाले, पाणी जरा दगडी वाटतंय.

टाऊन हॉलची टोकदार छपरं मी शिडं म्हणून खपवली.
केव्हाची उभारून ठेवली आहेत;
वाऱ्याची फाईल अजून कुठल्यातरी टेबलावर आहे.
नव्या राजवाड्याचा घड्याळाचा मनोरा : दीपगृह.
तो वेळ सांगतो.
दिशा पानवाल्याला विचारावी.

गलबतं मात्र खरी मिळाली, पंचगंगेच्या घाटावर.
अकरा. काळीभोर, तेल लावलेली,
नाकपुड्यांएवढी पाण्यावर, बाकी सगळा माल तळाशी.
तासभर कुणी हललं नाही. माझ्यासमोर इतकं स्थिर
आजवर एकही नवरामुलगा बसलेला नाही.
मग मालक आला, सायलेन्सर काढलेली बुलेट घेऊन,
फट्-फट्-फट्,
आणि सगळा ताफा बंदर सोडून
गाडीमागं पळत सुटला, शेपट्या वर,
माझ्या लेन्सवर अर्धी नदी झटकून.
एप्रिल, मे आणि जून त्या शिंतोड्यांवरच भागवले.

ऑगस्टचा फोटो नवा काढला नाही.
जुना होता.
त्या वर्षी आम्ही बंदराकडं गेलो नव्हतो,
बंदरच दुधाळीत आलं,
माझ्या स्टुडिओच्या तिसऱ्या पायरीशी येऊन थांबलं
आणि दुसऱ्या दिवशी थांबलंही नाही.
माळ्यावरून काढलाय, हात हललाय थोडा.
गल्लीतून हंस येतोय.
हंसात पाटणकर बाई, गणिताच्या,
मांडीवर पोपटाचा पिंजरा, पिंजऱ्यावर छत्री;
दिलावर पुढं पाण्यात, छातीएवढा, दोर खांद्यावर;
मागं एक गृहस्थ, डोक्यावर ठेवीदारांच्या वह्यांचा गठ्ठा.
पुढच्याच क्षणी मान
'वाहने उभी करू नयेत'च्या खांबाला लागली.
तो आवाज फोटोत नाही.
हसलो होतो आम्ही सगळे, पाटणकर बाईसुद्धा.
का, ते आजही नीट सांगता येणार नाही.

बैठकीत पानं फिरत फिरत ऑगस्टवर आली.
चेअरमननी चष्मा पुसला. परत घातला.
बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही.
मला वाटलं, आता म्हणणार हे काढून टाका.

"पोट जरा आत घेता येतंय का बघा," इंगवले म्हणाले.
मग हळूच, माझ्याकडं न बघता,
"आन् पाय दिसत न्हाईत माझे ह्यात.
पर पायडल मारत हुतो मी.
तेवढं खाली लिवा."